काचेवरचा पट्टा आणि हाडावरचं कडं: ऑस्टिओक्लास्टची पकड पाहायला शिकताना

ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड झिजवणारी, अनेक केंद्रकं असलेली मोठी पेशी. मोनोसाइट-मॅक्रोफेज कुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते. तिचं काम सांगायला सोपं आहे: हाडाच्या पृष्ठभागावर बसायचं, खाली आम्ल सोडून खनिज विरघळवायचं आणि उघडं पडलेलं कोलाजेन एन्झाइमनं तोडायचं. पण सोडलेलं आम्ल बाजूनं निसटलं तर सगळी मेहनत वाया. म्हणून पेशी हाडावर पालथ्या घातलेल्या वाटीसारखी बसते आणि आतली जागा चहूबाजूंनी बंद करते. या वाटीची कड अ‍ॅक्टिनच्या तंतूंची असते; अ‍ॅक्टिन म्हणजे पेशीचा सांगाडा घडवणारं प्रथिन. ती कड कशी घडते, आपल्या प्रयोगशाळेत ती कशी पाहायची आणि पाहिलेलं कसं वाचायचं, एवढाच या लेखाचा विषय.

पेशी वाढवण्याची प्राथमिक कामं ज्यांना येतात, पण ऑस्टिओक्लास्ट पहिल्यांदाच हाताळायचे आहेत, अशांसाठी हे लिहितोय. नवख्यांची सर्वांत मोठी गफलत सुरुवातीलाच सांगून टाकतो. काचेवर वाढवलेल्या पेशीच्या कडेला अ‍ॅक्टिनचा सुंदर गोल पट्टा दिसतो आणि लगेच वहीत नोंद होते की पेशी हाड खायला सज्ज आहे. तो पट्टा आणि हाडावरचं सीलिंग झोन (म्हणजे वाटीची ती बंद कड) एकाच कच्च्या मालाचे असले तरी त्या दोन वेगळ्या रचना आहेत. पुढच्या बहुतेक सूचना हा फरक सांभाळण्यासाठीच आहेत.

आधी पोडोसोम ओळखा

फायब्रोब्लास्टसारख्या पेशी फोकल अ‍ॅढिजननी पृष्ठभागाला चिकटतात आणि त्यांच्या पोटातून अ‍ॅक्टिनच्या जाड, लांब दोऱ्या जातात. ऑस्टिओक्लास्टमध्ये अशा दोऱ्या जवळजवळ दिसत नाहीत. ती चिकटते पोडोसोमनी. पोडोसोम म्हणजे पेशीच्या तळाशी उभा असलेला अ‍ॅक्टिनचा छोटासा खुंट, रुंदीला साधारण ०.५ ते १ मायक्रोमीटर आणि उंचीलाही जवळपास तेवढाच. मधल्या गाभ्यात फांद्या फुटलेलं अ‍ॅक्टिन असतं. फांद्या फोडण्याचं काम आर्प-२/३ हा प्रथिनसमूह करतो आणि त्याला चालना देणारी वॉस्प कुळातली प्रथिनं व कॉर्टॅक्टिनही तिथेच सापडतात. गाभ्याभोवती व्हिन्क्युलिन, टॅलिन, पॅक्सिलिन यांचं कडं असतं. पृष्ठभागाशी खरी गाठ मारणारं इंटेग्रिन (पेशीपटलातलं चिकटणारं प्रथिन) म्हणजे अल्फा-व्ही बीटा-३. हाडातल्या ऑस्टिओपॉन्टिन आणि बोन सियालोप्रोटीन या प्रथिनांमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम असतो, तो हे इंटेग्रिन ओळखतं.

शेजारच्या खुंटांना जोडणारे अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू गाभ्यापासून चहूकडे पसरलेले असतात. साध्या फ्लुओरेसन्स चित्रात ते सुटे दिसत नाहीत, खुंटांच्या मधे धुकट उजेड पसरल्यासारखं वाटतं. तो उजेड पार्श्वभूमीचा कचरा समजून सॉफ्टवेअरमध्ये वजा करून टाकू नका. पोडोसोम एकमेकांना धरून राहतात ते या जाळ्यामुळे.

पोडोसोम टिकतो जेमतेम काही मिनिटं. बऱ्याच निरीक्षणांत हा आकडा २ ते १२ मिनिटांच्या दरम्यान येतो. तेवढ्या वेळातही गाभ्यातलं अ‍ॅक्टिन सतत बदलत राहतं: एका टोकाला नवं जोडलं जातं, जुनं सुटतं. तुम्ही फिक्स केलेल्या (रसायनानं आहे त्या स्थितीत थांबवलेल्या) पेशीत जे पाहता तो या धावपळीतला एक क्षण असतो, हे डोक्यात ठेवलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

चार आकार, आणि त्यांच्यातलं नातं

काचेवर वाढणाऱ्या ऑस्टिओक्लास्टमध्ये पोडोसोमची मांडणी वयाप्रमाणे बदलते. कोवळ्या, नुकत्याच मिसळू लागलेल्या पेशीत ते घोळक्यानं बसलेले असतात. याला क्लस्टर म्हणतात. मग घोळक्याच्या मध्यातले खुंट मोडतात, बाहेरचे राहतात आणि रिंग तयार होते. एकाच पेशीत अशा तीन-चार रिंगा असू शकतात. रिंग फुगत जाते, शेजारच्या रिंगेला मिळते आणि शेवटी पेशीच्या परिघाला लागून एकच सलग पट्टा उरतो. हा बेल्ट.

रिंग फुगते म्हणजे पोडोसोम बाहेरच्या दिशेनं सरकतात असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. प्रत्येक पोडोसोम आपल्या जागी उभा राहतो आणि तिथेच मोडतो. रिंगेच्या बाहेरच्या कडेला नवे खुंट उगवत जातात, आतल्या कडेचे विरघळत जातात, आणि आपल्याला रिंग पसरताना दिसते. २००३ साली अ‍ॅक्टिनला हिरवं फ्लुओरेसंट प्रथिन जोडून केलेल्या जिवंत चित्रणातून हे स्वच्छ दिसलं. सवड मिळाली तर स्वतः एकदा असं चित्रण करून पाहा. दर १५ ते ३० सेकंदांनी एक फ्रेम, अर्धा तास, लेझर शक्य तितका मंद. विषय एका दुपारीत डोक्यात बसतो.

क्लस्टर आणि रिंग यांना मायक्रोट्यूब्यूलची (पेशीच्या सांगाड्यातल्या पोकळ नळ्यांची) फारशी गरज पडत नाही. बेल्टला मात्र पडते. नोकोडाझोल घालून मायक्रोट्यूब्यूल मोडले की बेल्ट विस्कटतो, पण पोडोसोम शिल्लक राहतात आणि पुन्हा घोळके-रिंगांच्या मांडणीत जातात. म्हणजे खुंट उभा करणं हे एक काम आणि खुंटांना परिघावर ओळीत धरून ठेवणं हे दुसरं. एखाद्या जनुकाला बंद केल्यावर बेल्ट गेला, तर यांपैकी नक्की कोणतं काम बिघडलं, हा पहिला प्रश्न विचारायचा.

चौथा आकार काचेवर मिळत नाही. पेशी हाडावर, डेंटिनवर (दाताच्या आतल्या कठीण भागावर) किंवा अपटाइटसारख्या खनिजावर बसली की ती सपाट राहत नाही, घुमटासारखी उंच होते. तळाशी अ‍ॅक्टिनचं जाड, भरगच्च कडं तयार होतं, रुंदीला काही मायक्रोमीटर. हे सीलिंग झोन. ते पेशीच्या परिघावर नसतं, आत असतं, आणि त्याचा व्यास बेल्टपेक्षा बराच लहान असतो. कड्याच्या आतल्या पेशीपटलाला असंख्य घड्या पडतात. ती रफल्ड बॉर्डर. प्रोटॉन पंप तिथून आम्ल सोडतात, क्लोराइड वाहून नेणारं प्रथिन त्यांना साथ देतं, खालचा पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरतो आणि कॅथेप्सिन-के कोलाजेन तोडतं.

सीलिंग झोन पोडोसोमचंच बनलेलं असतं की ती निराळीच रचना आहे, यावर बरीच वर्षं वाद होता. २००७ मध्ये पेशीचं पटल काढून आतला सांगाडा उच्च क्षमतेच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि तिथेही पोडोसोमचेच गाभे निघाले, फक्त कमालीचे दाटीवाटीनं बसलेले आणि एकमेकांत गुंतलेले. साध्या कॉन्फोकलवर हे गाभे सुटे होत नाहीत, त्यामुळे सलग कडं दिसतं.

पायरी १: पेशी तयार करा

तीन वाटा आहेत. उंदराच्या अस्थिमज्जेतले मॅक्रोफेज, माणसाच्या रक्तातले सीडी-१४ मोनोसाइट, किंवा रॉ २६४.७ ही तयार पेशीरेषा. शिकण्यासाठी मी अस्थिमज्जेची वाट सुचवीन. रॉ पेशी सोप्या वाटतात, पण पॅसेज वाढत गेला की मिसळण्याची क्षमता घसरते आणि एका प्रयोगशाळेतल्या रॉ पेशी दुसऱ्या ठिकाणच्या रॉ पेशींसारख्या वागतीलच असं नाही. माणसाच्या पेशी उत्तम, फक्त वेळखाऊ. शिवाय दात्यागणिक फरक पडतो, आणि मानवी रक्त हाताळण्याचे सुरक्षानियम पाळावे लागतात ते वेगळेच.

अस्थिमज्जेच्या पेशी आधी फक्त एम-सीएसएफमध्ये (मॅक्रोफेज वाढवणाऱ्या प्रथिनात) वाढवून मॅक्रोफेज मिळवा. मग एम-सीएसएफ २५ ते ५० नॅनोग्रॅम आणि रँक-लिगँड (मॅक्रोफेजना ऑस्टिओक्लास्ट व्हायला सांगणारं प्रथिन) ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, अल्फा-एमईएम मीडियम, १० टक्के सीरम. उंदराच्या पेशींना ४ ते ६ दिवस लागतात, माणसाच्या पेशींना एक ते दोन आठवडे. रॉ पेशींना एम-सीएसएफ वेगळं घालावं लागत नाही. सीरमचा लॉट बदलला की निकाल बदलतात, तेव्हा एक लॉट तपासून घ्या आणि पूर्ण प्रयोगाला पुरेल इतका बाजूला ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी प्लेट पाहा. पेशींच्या मिसळण्याला वेग आला की चित्र काही तासांत पालटतं. सकाळी तीन-चार केंद्रकांच्या पेशी असतात, संध्याकाळी वेलभर (प्लेटमधल्या एका खळग्याभर) पसरलेली एक अजस्र पेशी. ही अजस्र पेशी फोटोला छान, कामाला वाईट. ती लवकरच मरते, आणि मरताना आकसणाऱ्या पेशीच्या कडेलाही अ‍ॅक्टिनचं चमकदार कडं दिसतं. पेरताना पेशींची दाटी नेमकी ठेवणं हाच यावर उपाय. दाटी कमी पडली तर पेशी एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, जास्त झाली तर सगळं एकदम मिसळून कोसळतं. पहिल्या खेपेला तीन वेगवेगळ्या दाट्या लावून आपल्या हाताला कोणती बसते ते पाहा.

एक वेल रँक-लिगँडशिवाय ठेवायला विसरू नका. त्यात मॅक्रोफेजच राहतील आणि त्यांच्यातही पोडोसोम दिसतील, पण बेल्ट नसेल. पोडोसोम दिसले म्हणजे ऑस्टिओक्लास्ट तयार झाला, हा समज तिथल्या तिथे निघून जातो. ऑस्टिओक्लास्ट मोजण्याची रूढ कसोटी म्हणजे ट्रॅप (ऑस्टिओक्लास्टमधलं एक एन्झाइम) दाखवणाऱ्या रंगाला प्रतिसाद आणि किमान तीन केंद्रकं.

पायरी २: पृष्ठभाग निवडा

या लेखातून एकच पायरी घ्यायची झाली तर ही घ्या.

काच हा सोयीचा पृष्ठभाग आहे. पारदर्शक, सपाट, सूक्ष्मदर्शकाला अनुकूल. पोडोसोमची घडण, आयुष्य, रिंगांची वाढ हे सगळं काचेवरच नीट दिसतं. नेहमीच्या कव्हरस्लिपवर सीरममधलं व्हिट्रोनेक्टिन आपोआप बसतं आणि अल्फा-व्ही बीटा-३ त्याला धरतं. पण काचेत खनिज नाही, त्यामुळे सीलिंग झोनचा प्रश्न काचेवर विचारताच येत नाही.

हाडाचे काप साधारणपणे गायी-बैलांच्या मांडीच्या हाडाच्या घट्ट भागातून, हिरेजडित पात्याच्या संथ करवतीनं कापतात. १०० ते २०० मायक्रोमीटर जाडी चालते. कापल्यावर सॉनिकेटरमध्ये पाण्यानं धुवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि पेशी टाकण्याआधी मीडियममध्ये भिजवून घ्या. करवतीच्या रेघा कापावर राहतातच. त्या पाहून हळहळू नका. खनिजाचा खडबडीतपणा पेशीला जाणवतो. कॅल्साइटच्या स्फटिकांवर केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पृष्ठभागावर सीलिंग झोन लहान आणि अल्पायुषी निघालं, खडबडीत पृष्ठभागावर मोठं आणि स्थिर. म्हणून एकाच प्रयोगातले सगळे काप एकाच हाडाचे, एकाच पद्धतीनं कापलेले असावेत. नाहीतर तुम्ही औषधाचा परिणाम मोजताय की करवतीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

डेंटिन हाडापेक्षा एकसारखं असतं, त्यात रक्तवाहिन्यांच्या नळ्या आणि जुन्या पेशींची घरटी नसतात. खड्डे मोजायला ते बरं. कॅल्शियम फॉस्फेटचा थर दिलेल्या तयार प्लेटा झटपट चाचणीला ठीक आहेत. मात्र तिथे फक्त खनिज विरघळतं, कोलाजेन नसतंच, म्हणजे अर्ध्याच कामाची परीक्षा होते.

नवीन माणसानं काच आणि हाड एकाच दिवशी, एकाच पेशीसाठ्यातून लावावं. एका आठवड्यात काच, पुढच्या आठवड्यात हाड असं केलं तर तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

पायरी ३: उचला आणि पुन्हा पेरा

थेट हाडावरच पेशी घडवता येतात, पण तिथे साध्या सूक्ष्मदर्शकातून काहीच दिसत नाही आणि किती तयार झाल्या हे कळत नाही. म्हणून प्लास्टिकवर घडवून मग हाडावर नेणं बरं. अडचण अशी की तयार ऑस्टिओक्लास्ट ट्रिप्सिनला सहजासहजी दाद देत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये ईडीटीए घालून काही मिनिटं ठेवा आणि हलक्या हातानं पिपेटचा प्रवाह सोडा. कोलाजेनच्या जेलवर पेशी वाढवून ते जेल कोलाजिनेजनं विरघळवणं ही त्याहून सौम्य पद्धत, पण खर्चिक. मोठ्या पेशी अरुंद टोकाच्या पिपेटमधून ओढल्या की फाटतात. टोक कापून रुंद करून घ्या.

पायरी ४: फिक्स करा, रंगवा

पोडोसोम काही मिनिटांत मोडतो, हे इथे अंगाशी येतं. थंड बफरनं दोनदा धुऊन, मग फोन उचलून, मग फिक्सेटिव्ह घातलं तर पेशी तोवर आकसू लागलेली असते. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड आधीच ३७ अंशांपर्यंत गरम करून ठेवा. प्लेट इन्क्युबेटरमधून काढा, मीडियम शोषून घ्या आणि लगेच ते ओता. १० ते १५ मिनिटं पुरतात. हे काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच करायचं. मिथेनॉलनं फिक्स करू नका. त्यानं अ‍ॅक्टिनच्या तंतूंची घडण बिघडते आणि फॅलॉइडिन नीट बसत नाही.

मग ०.१ टक्का ट्रायटन-एक्स-१०० तीन ते पाच मिनिटं, त्यानंतर अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून बीएसए या प्रथिनाचं ब्लॉकिंग. अ‍ॅक्टिनसाठी फ्लुओरेसंट फॅलॉइडिन, कड्यासाठी व्हिन्क्युलिनची अँटिबॉडी, केंद्रकांसाठी डॅपी. फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतून मिळणारं विष आहे आणि ते तंतुरूप अ‍ॅक्टिनलाच चिकटतं, सुट्या अ‍ॅक्टिनला नाही. म्हणूनच चित्र इतकं स्वच्छ येतं.

हाडाच्या कापांसाठी रंगांची निवड वेगळी करा. हाड स्वतःच निळ्या आणि हिरव्या पट्ट्यात चमकतं. फॅलॉइडिन लाल किंवा दूरच्या लाल रंगात घेतलं तर कडं उठून दिसतं. काचेवर जमलेलं रंगांचं पॅनेल जसंच्या तसं हाडावर वापरलं की हिरवी गढूळ चित्रं पदरात पडतात. प्राथमिक अँटिबॉडी न घातलेला एक काप सोबत ठेवा, हाडाची स्वतःची चमक किती हे त्यावरून ठरतं.

पायरी ५: सूक्ष्मदर्शकाखाली

६० किंवा ६३ पट तेलाचं भिंग, १.४ न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप. पोडोसोमचा गाभा या भिंगाच्या क्षमतेच्या जरासा वरच असतो, त्यामुळे स्वस्त भिंगातून तो ठिपका दिसेल पण भोवतीचं व्हिन्क्युलिनचं कडं दिसणार नाही. हाडाचा काप अपारदर्शक असल्यानं उलट्या सूक्ष्मदर्शकावर तो पेशींची बाजू खाली करून, कव्हरस्लिपवर थेंबभर माउंटिंग द्रवात ठेवा.

काचेवर सर्वांत खालच्या थरापासून सुरुवात करा. ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरच्या पावलांनी वर जा. पोडोसोम तळाच्या पहिल्या एक-दीड मायक्रोमीटरमध्ये असतात. त्याहून वर दिसणारे अ‍ॅक्टिनचे ठिपके बहुधा पेशीच्या पाठीवरच्या घड्या असतात. एखादा ठिपका पोडोसोम आहे का, याची खात्री करायला एकच चाचणी पुरते: अ‍ॅक्टिनच्या ठिपक्याभोवती व्हिन्क्युलिनचं कडं हवं, आणि दोन्ही एकाच थरात हवेत. दोन्ही रंग नुसते एकमेकांवर पडले असतील तर सावध व्हा. ती अँटिबॉडीची गुठळी असू शकते.

हाडावर पृष्ठभाग सपाट नसतो, एका थरात पूर्ण कडं येईलच असं नाही. सगळ्या थरांची पूर्ण थप्पी घ्या आणि मग प्रोजेक्शन करा, म्हणजे सगळे थर एका चित्रात आणा. चांगल्या सीलिंग झोनमध्ये अ‍ॅक्टिनचं एक जाड कडं आणि त्याच्या आत-बाहेर व्हिन्क्युलिनच्या दोन पातळ रेघा दिसतात. ही दुहेरी रेघ मला सर्वांत भरवशाची खूण वाटते. बाजूनं छेद घेऊन पाहा. पेशी उंच असेल, केंद्रकं वर असतील आणि कड्याच्या आत खोलगट जागा असेल, तर ती कामाला लागलेली आहे.

एका पेशीत दोन-तीन सीलिंग झोन दिसले तर दचकू नका. चंद्रकोरीसारखी अर्धवट कडीही भेटतात. ऑस्टिओक्लास्ट एका जागी खड्डा पाडून पुढच्या जागी जातो, किंवा खात खात सरकत जाऊन लांब चर पाडतो. सरकणाऱ्या पेशीचं कडं पूर्ण गोल नसतं.

पायरी ६: मोजा

पेशींची वर्गवारी करा: क्लस्टर, रिंग, बेल्ट, काहीच नाही. हाडावर: सीलिंग झोन आहे किंवा नाही, असल्यास किती आणि केवढं. चित्रांच्या नावांवर नमुना कोणता हे झाकून ठेवा आणि मोजणी दुसऱ्याकडून करून घ्या. किमान तीन स्वतंत्र पेशीसाठे हवेत. एकाच साठ्यातल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

केंद्रकांची संख्याही लिहून ठेवा. मोठ्या पेशीत बेल्ट दिसण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे एखाद्या औषधानं पेशींचं मिसळणं कमी झालं तर बेल्टही कमी दिसेल, जरी औषधाचा सायटोस्केलेटनशी (पेशीच्या सांगाड्याशी) काडीचा संबंध नसला. सारख्या केंद्रकसंख्येच्या पेशींची आपसात तुलना करा.

पायरी ७: खड्ड्यांनी ताडून पाहा

कडं दिसलं म्हणून हाड खाल्लं गेलं असं नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा उंदरातून आला. १९९१ मध्ये सार्क (Src) या टायरोसिन कायनेजचं, म्हणजे पेशीतले संदेश पुढे नेणाऱ्या एन्झाइमचं, जनुक बंद केलेले उंदीर तयार केले गेले. त्यांची हाडं नको तितकी दाट झाली, दात वर आले नाहीत. ऑस्टिओक्लास्ट मात्र त्यांच्यात भरपूर होते. पेशी होत्या, हाडाला लागून होत्या, पण रफल्ड बॉर्डर घडत नव्हती आणि काम होत नव्हतं. बीटा-३ इंटेग्रिन नसलेल्या उंदरांमध्येही २००० साली असंच चित्र दिसलं: पेशींची संख्या कमी नाही, पण त्या पसरत नाहीत, त्यांची कडी विस्कळीत आणि हाड वयाबरोबर दाट होत जाणारं. माणसांत किंडलिन-३ या इंटेग्रिनला चालना देणाऱ्या प्रथिनात दोष असला की रक्तस्राव आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि काही रुग्णांत हाडंही दाट होतात.

म्हणून प्रत्येक हाडाच्या कापासोबत खड्ड्यांसाठी जोडीचा काप ठेवा. पेशी ब्लीचनं किंवा अमोनियाच्या द्रावणात सॉनिकेट करून काढा, मग टोल्युइडिन ब्लूनं रंगवा. खड्ड्याचं क्षेत्रफळ एकूण कापाच्या टक्केवारीत आणि दर ऑस्टिओक्लास्टमागे, अशा दोन्ही प्रकारे मांडा. खड्डेच मिळाले नाहीत तर आधी मीडियमचा पीएच तपासा. ७.४ च्या आसपास ऑस्टिओक्लास्ट जवळपास हातावर हात ठेवून बसतात. पीएच ७ च्या जवळ आणला की खाणं सुरू होतं. पेशी बिघडल्या असं समजून महिनाभर जनुकं तपासत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटांची तपासणी स्वस्त पडते.

पकड मोडणारी दोन-तीन रसायनं हाताशी ठेवली तर तुमची पद्धत चालते की नाही हे लगेच कळतं. कॅल्सिटोनिननं अ‍ॅक्टिनची कडी थोड्याच वेळात विरघळतात, कारण ऑस्टिओक्लास्टवर या संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर) भरपूर असतात. फक्त उंदराच्या संवर्धनात सततच्या कॅल्सिटोनिननं हा प्रतिसाद मंदावतो, तेव्हा ताजी मात्रा एकदाच द्या. नायट्रोजन असलेली बिस्फॉस्फोनेट (हाडाची झीज थांबवणारी औषधं) वेगळ्या मार्गानं जातात. ती फार्नेसिल डायफॉस्फेट सिंथेज हे एन्झाइम अडवतात, त्यामुळे ऱ्हो, रॅक यांसारख्या लहान जीटीपेजना (सांगाड्याची मांडणी चालवणाऱ्या प्रथिनांना) पेशीपटलावर बसण्यासाठी लागणारी चरबीची शेपटी मिळत नाही आणि कडं घडत नाही. औषध हाडाला चिकटतं आणि पेशी हाड खाते तेव्हाच आत जातं, म्हणून ते काचेवर नुसतं मीडियममध्ये घालून मिळालेला निकाल हाडावरच्या निकालाशी जुळेलच असं नाही.

ऱ्होच्या बाबतीत तर हा फरक फारच ठळक होतो. काचेवर ऱ्हो अति सक्रिय केलं की बेल्ट विस्कटतो. हाडासारख्या खनिजावर ऱ्हो बंद केलं की सीलिंग झोन जातं. एकच प्रथिन, पृष्ठभाग बदलला की जणू उलटा हुकूम. फक्त काचेवर काम करणारी व्यक्ती म्हणेल की ऱ्हो पकडीच्या विरोधात आहे, फक्त हाडावर काम करणारी म्हणेल की पकड त्यावरच उभी आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या अहवालातल्या प्रत्येक चित्राखाली, पेशींच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात, पृष्ठभागाचं नाव लिहा: काच, डेंटिन, हाड की फॉस्फेटचा थर.